एफवायचं टेन्शन सांगायचं कुणाला?

जुलै सुरू झाला की पेंधरहून सुटणाऱ्या सकाळच्या मेट्रोत एफवायची मुलं लगेच ओळखू येतात. बॅग नवीकोरी असते, आयकार्ड गळ्यात बाहेर लटकत असतं आणि प्रत्येक स्टेशनला ती मान वर करून नाव वाचतात. आम्ही जुने लोक बेलापूर येईपर्यंत डोळे मिटून घेतो. गेल्या सोमवारी माझ्या शेजारी अशीच एक मुलगी उभी होती. फोनवर आईशी बोलत होती. "हो गं, मस्त चाललंय. हो, मैत्रिणी झाल्यात. हो, संपवला होता डबा." फोन ठेवला आणि सेंट्रल पार्क जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. बाहेर पाऊस होता, सर्दी असेल असं म्हणता आलं असतं.

त्या मुलीला मी ओळखत नाही. ते "मस्त चाललंय" मात्र चांगलंच ओळखते. एफवायचं जवळजवळ अख्खं वर्ष मी घरी रोज हेच सांगत होते.

मी तळोजा फेज वनला राहते. २०२२ मध्ये बारावी झाली आणि मास मीडियाला ॲडमिशन घेतली, हार्बर लाईनवरच्या एका कॉलेजात, पार वाशी खाडीच्या पलीकडे. सेल्फ फायनान्स कोर्स, त्यामुळे सकाळची शिफ्ट. पहिलं लेक्चर सात दहाला. तेव्हा मेट्रो नव्हती. म्हणजे खांब होते, पूल होता, स्टेशनं होती, गाडी तेवढी नव्हती. बेलापूर-पेंधर मार्गाचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मी तोवर एसवायला पोचले होते. आमचं स्वतःचं रेल्वे स्टेशनही आहे, तळोजे पाचनंद, दिवा-पनवेल मार्गावर. पण तिथं गाड्या मोजक्याच थांबतात, लेक्चरच्या वेळा काही त्यांना विचारून ठरत नाहीत. त्यामुळे पहाटे पावणेपाचला उठायचं, शेअर रिक्षा पकडून खारघर स्टेशन गाठायचं, तिथून लोकल. परत यायला दुपारचे अडीच-तीन. मग शेजारच्या तीन पोरांची ट्यूशन, कारण पास आणि झेरॉक्सचे पैसे घरी मागायचे नाहीत असं मीच ठरवलं होतं. रात्री झोपायला साडेअकरा. उकाड्यात खिडकी उघडी ठेवली तर कारखान्यांच्या बाजूचा वास आत येतो, हे तळोजेकरांना वेगळं सांगायला नको.

हिशेब करा. झोप पाच तासांच्या आसपास. अठरा वर्षांच्या माणसाला किमान सात तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, आणि त्याहून लहान मुलांना आठ ते दहा. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, लवकर झोप येत नाही आणि लवकर जाग येत नाही. म्हणजे सकाळच्या शिफ्टला बसलेला अर्धा वर्ग आळशी नसतो, तो झोपेत असतो. "टेन्शन येतंय" असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं टेन्शन, माझ्या मते, साधी साठलेली झोप असते. पण हे बोललं की लोकांना ते फार किरकोळ वाटतं.

झोपेचं सोडा. खरा धक्का वर्गात बसला. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, बारावी आर्ट्स. इंग्रजी वाचलेलं कळायचं, बोललेलंही कळायचं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की वाक्य अर्ध्यात संपायचं. आमच्या वर्गात साठ जण होते. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. माझा नंबर चाळिसावा. एकोणचाळीस जणांचं ऐकताना मी माझी तीन वाक्यं मनात घोकत होते. नंबर आला तेव्हा "आय ॲम फ्रॉम तळोजा" एवढंच निघालं. मागून कुणीतरी म्हणालं, "जेल के पास?" सगळे हसले. मीही हसले. आता विचाराल तर तो विनोद इतका वाईट नव्हता, फेजमधली मुलं स्वतःही तो करतात. पण त्या दिवसानंतर मी वर्गात, डिसेंबरपर्यंत, एकदाही हात वर केला नाही.

हे असं सगळ्यांचं होतं असं नाही. ज्यांची भावंडं आधी कॉलेजला गेलेली आहेत, ज्यांच्या घरी कुणीतरी "अरे, फर्स्ट सेमला असंच होतं" म्हणणारं आहे, त्यांना हे वर्ष बऱ्यापैकी सोपं जातं. आमच्याकडे तसं नव्हतं. फेजमध्ये लांबून लांबून आलेली कुटुंबं आहेत. कुणी सिडकोच्या सोडतीत घर लागलं म्हणून मुंबईच्या चाळीतून आलेलं, कुणी एमआयडीसीतल्या नोकरीसाठी साताऱ्याहून नाहीतर बिहारहून. पलीकडे पेंधर, घोट, रोहिंजणची मूळ गावं, तिथली आगरी घरं. यातल्या कितीतरी घरांतून डिग्री कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच पोर आता चढतंय. त्याला सेमिस्टर म्हणजे काय, इंटर्नल म्हणजे काय, हे घरी कुणाला विचारता येत नाही. घरच्यांना वाटतं, कॉलेजला गेलंय म्हणजे सुटलं. शाळेत असताना बाईंना आपली आई माहीत असायची. चार दिवस नाही गेलं तर निरोप यायचा. कॉलेजात चाळीस दिवस नाही गेलं तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येतं, आणि ती लिस्ट लावणाऱ्यालाही तुमचा चेहरा माहीत नसतो.

त्यात आता नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आलाय. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांमध्येही तो लागू झाला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, क्रेडिट, एबीसी आयडी. माझ्या मावसभावानं गेल्या वर्षी ॲडमिशन घेतली. पहिले पंधरा दिवस तो मायनर म्हणजे कमी महत्त्वाचा विषय समजत होता. मला फोन करून विचारलं म्हणून कळलं. ज्यांना फोन करायला कुणी नाही त्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

तर माझी केटी. जानेवारीत पहिल्या सेमचा निकाल लागला. एक विषय गेला. पंचाहत्तरपैकी तीस लागतात, मला सव्वीस. विषयाचं नाव ऐका, इफेक्टिव्ह कम्युनिकेशन. आता मीही हसते, पण त्या दिवशी मला काहीच हसू येत नव्हतं. दहावीला ८६ टक्के होते. बिल्डिंगखाली अभिनंदनाचा बोर्ड लागला होता, फोटोसकट. त्या बोर्डावरची मुलगी नापास झाली, हे घरी कसं सांगणार?

नाहीच सांगितलं. जानेवारी ते मार्च. निकालाचं विचारलं की "अजून नाही लागला" आणि नंतर "झाले पास". दुसरं सेमिस्टर सुरू झालं होतं. सकाळी निघताना पोटात दुखायला लागलं. आईनं ओवा दिला, मग डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. केस गळायला लागले. एक दिवस लोकल वाशीला थांबली आणि पुढे जायचं या कल्पनेनंच इतकं घाबरायला झालं की मी उतरले. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून राहिले. शेजारचा रघुलीला मॉल इतक्या सकाळी उघडत नाही, हे त्या दिवशी कळलं. उघडल्यावर आत जाऊन बसले. दोन वाजता घरी. दुसऱ्या दिवशी परत तेच. असे बारा दिवस काढले. बारा दिवस मी घरून कॉलेजला जात होते आणि कॉलेजला पोचत नव्हते, आणि दोन्हीकडे कुणालाही पत्ता नव्हता.

एफवायचा ताण असाच दिसतो, म्हणजे दिसतच नाही. सिनेमात दाखवतात तसं कुणी रडत नाही, दार लावून घेत नाही. रोज डबा घेऊन वेळेवर निघतं.

तेराव्या दिवशी कॉलेजला गेले ते लायब्ररीचं पुस्तक परत करायला, दंड वाढत होता म्हणून. काउंटरवरच्या काकांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "बरेच दिवसांनी. केटीचा फॉर्म भरलास का? शुक्रवार लास्ट डेट." मला वाटलं यांना कसं कळलं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्या आठवड्यात ते एफवायच्या प्रत्येक मुलाला तेच विचारत होते, कारण दरवर्षी चार-पाच जणांची तारीख चुकते हे त्यांनी पाहिलं होतं. मी तिथंच उभ्या उभ्या रडले. त्यांनी रजिस्टर बाजूला सरकवलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि सांगितलं ते एवढंच: पहिल्या सेमला केटी लागली तरी दुसऱ्या सेमला बसता येतं, वर्ष जात नाही, फॉर्म अमुक खिडकीवर मिळतो, फोटो लागत नाही.

मला हे माहीतच नव्हतं. दोन महिने मी समजत होते की वर्ष गेलं. केटी म्हणजे 'कीप टर्म', पूर्ण रूप 'अलाउड टू कीप टर्म'. म्हणजे टर्म चालू ठेवायला परवानगी आहे. त्या नावात नापास हा शब्दच नाही. आपण मात्र "केटी लागली" असं म्हणतो, नजर लागली म्हणतात तसं. (नियम कोर्सप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. तुमच्या बॅचचा नियम ऑफिसात जाऊन स्वतः वाचा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.)

घरी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पप्पा नाइट शिफ्ट करून आले होते, चहा घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फॉर्मला किती लागतात?" झालं. आई मात्र चिडली, आणि केटीवर नाहीच चिडली. तिचा प्रश्न होता, "वाशीला दिवसभर बसून काय खात होतीस?" मी म्हटलं, डबा. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दोन प्रश्नांची मी दोन महिने इतकी भीती घेतली होती.

सगळ्यांच्या घरी असं होत नाही, हेही मला माहीत आहे. काही घरी खरोखर मार बसतो, शिक्षण बंद होतं, मुलीचं लग्न ठरतं. "घरी सांगा, सगळं ठीक होईल" असं सरसकट लिहायला माझा हात धजत नाही. म्हणूनच कॉलेजात कुणीतरी असायला हवं.

आता आमच्या कॉलेजात कोण होतं ते सांगते. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर पाटी होती, समुपदेशन कक्ष. दाराला कुलूप. तीन वर्षांत मी ते एकदा उघडं पाहिलं, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. दुसरी गोष्ट मला कळली ती टीवायला. नॅकची समिती येणार म्हणून आम्हा काही मुलांना फायली लावायच्या कामाला बसवलं होतं. नॅकच्या निकषांत एक आकडा असतो, किती विद्यार्थ्यांमागे किती मेंटॉर. त्यासाठी एक फाईल होती आणि त्यात एफवायच्या वर्षातला माझाही कागद निघाला. माझं नाव, रोल नंबर, मेंटॉर म्हणून एका मॅडमचं नाव, भेटीच्या चार तारखा. त्यातली एक तारीख मी रघुलीला मॉलमध्ये बसलेल्या दिवसांतली होती. समोर माझी सही. ती सही माझी नव्हती.

त्या मॅडमवर माझा राग नाही. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवले तितक्याच तासांचे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. लेक्चर संपलं की त्या दुसऱ्या कॉलेजला पळायच्या. त्यांच्या नावावर तीस मुलांचं मन सांभाळायचं काम कागदावर टाकलं होतं, त्याचा एक रुपयाही नव्हता. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत असे किती शिक्षक आहेत हे कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. मुलांच्या ताणाबद्दल बोलताना त्यांच्या ताणाबद्दल कुणी बोलत नाही.

मग ताणासाठी कॉलेज काय करतं? सेमिनार. वर्षातून एकदा, एसी हॉलमध्ये, दोनशे मुलं, पीपीटी, विषय 'स्ट्रेस मॅनेजमेंट'. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, "इथं कुणाकुणाला टेन्शन आहे? हात वर करा." दोनशे मुलांसमोर कोण हात वर करणार? त्यांनी मग टाइमटेबल करा, मोबाइल कमी वापरा, खोल श्वास घ्या, असं सांगितलं. श्वासाचं मी आजही करते, इंटरव्ह्यूच्या आधी उपयोग होतो, खोटं कशाला बोला. थोडा ताण वाईटही नसतो. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अवघड काम शिकताना अगदीच कमी आणि फारच जास्त, दोन्ही टोकांना कामगिरी घसरते, मधल्या ताणाला ती चांगली होते. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याला जे सुचतं ते त्यातलंच. पण पाच तास झोप, चार तास प्रवास, न कळणारी भाषा आणि खिशातले वीस रुपये यांचं मॅनेजमेंट श्वासानं होत नाही. सगळा ताण तुमच्या मनातच आहे असं एकदा मानलं, की टाइमटेबल, बस, फी, शिक्षकांची भरती यांच्याकडे बघायची कुणाला गरज उरत नाही. मला या सेमिनारांचा खरा राग येतो तो इथं.

मेट्रोचंच घ्या. माझं एसवाय सुरू असताना ती आली आणि माझी सकाळची पंचवीस-तीस मिनिटं वाचली, रिक्षासाठीची मारामारी संपली. सप्टेंबर २०२४ मध्ये पेंधर ते बेलापूरचं भाडं चाळीसवरून तीस झालं. कुठल्याही पाहुण्याच्या पीपीटीपेक्षा या तीन गोष्टींनी माझं डोकं जास्त शांत केलं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे कॉलेजात समुपदेशक असावा ही आता नुसती चांगली इच्छा राहिलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं एक निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. निकालात देशभरातल्या शिक्षण संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत आणि संसदेचा किंवा राज्यांचा कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यातली एक सूचना अशी: १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. परीक्षेच्या काळात आणि शिक्षणाचा टप्पा बदलताना मुलांच्या छोट्या गटांना मेंटॉर द्यायचा. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये, वेबसाइटवर ठळक लावायचे. आणि वर्षातून किमान दोनदा शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. हे वाचताना मला लायब्ररीतले काका आठवले. न्यायालयाला कुणीतरी अशा काकांबद्दल सांगितलेलं दिसतंय.

हा निकाल का द्यावा लागला ते आकड्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंसमोर लिहिलेलं आहे. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर आपण आहोत, महाराष्ट्र, १,७६४. पहिला नंबर म्हटलं की आपण बोर्ड लावतो. याचा बोर्ड कुणी लावत नाही. निकालाच्या चार महिने आधी, मार्च २०२५ मध्ये, न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय कृती दलही नेमलं. त्याआधी २०१९ मध्ये यूजीसीनं 'दीक्षारंभ' नावाची पुस्तिका काढली होती, नव्या मुलांना कॉलेजात रुळवायचं कसं याची. म्हणजे कागद भरपूर आहेत. प्रश्न कुलपाचा आहे.

कॉलेजवाले म्हणतील, पैसे कुठून आणायचे? प्रश्न खोटा नाही. विनाअनुदानित कोर्सला प्रत्येक गोष्ट फीमधून निघते आणि फी वाढली की ताण पुन्हा आपल्याच घरी येतो. पण खारघर, पनवेल, बेलापूर या पट्ट्यात कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. अगदीच जमत नसेल त्या छोट्या कॉलेजांनी मिळून माणूस ठेवावा, वार ठरवून घ्यावेत. स्पोर्ट्स डेचा मंडप आणि फेस्टचा सेलिब्रिटी यांना पैसे मिळतात तसे यालाही मिळतील. आणि काहीच नाही तर त्या कक्षातले गठ्ठे तरी हलवा.

आपल्या बाजूनं करण्यासारखंही आहे. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ऑफिसात जा आणि विचारा, आमचा समुपदेशक कोण, कुठल्या दिवशी बसतो, माझा मेंटॉर कोण. एकट्यानं विचारायला भीती वाटत असेल तर सीआरला पुढे करा, चौघं मिळून जा, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या. टेन्शन आलंय असं सांगायची गरज नाही. नाव विचारणं हा नुसता चौकशीचा प्रश्न आहे, जसं लायब्ररी किती वाजता उघडते. नाव मिळालं नाही तरी विचारणाऱ्यांची संख्या ऑफिसला कळते. ताण आल्यानंतर माणूस शोधायची ताकद उरत नाही, हे मी वाशीच्या बाकावर शिकले. आधीच शोधून ठेवा.

केटीचे नियम, हजेरीचे नियम, फॉर्मच्या तारखा पहिल्याच महिन्यात वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. कंटाळवाणं वाटेल. पण माझी दोन महिन्यांची भीती एका न वाचलेल्या नियमावर उभी होती.

भाषेचं म्हणाल तर मी जे केलं ते सांगते. केटीचा अभ्यास करताना एका विरारच्या मुलीशी जोडी जमली, तिचीही तीच केटी. आम्ही दोघी कँटीनमध्ये कटिंग घेत एकमेकींशी वीस मिनिटं मोडक्या इंग्रजीत बोलायचो, हसायचो, परत बोलायचो. दोघीही पास झालो. मला अडतीस मिळाले. आज मी मराठी दैनिकात लिहिते आणि इंग्रजी प्रेस नोट वाचून बातमी करते. वर्गात हात वर करायला अजूनही छातीत धडधडतं, ते काही गेलेलं नाही.

आणि जिथं प्रकरण याच्या पुढे गेलंय, म्हणजे दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, किंवा आपण नसलो तर बरं होईल असा विचार डोक्यात येतोय, तिथं लेख वाचत बसू नका. १४४१६ फिरवा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी नसेल तर मित्रासाठीही विचारता येतं. मित्र असं काही बोलला तर "चल रे, नाटकं नको करू" म्हणू नका, त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्या घरचं किंवा कॉलेजातलं एक मोठं माणूस जागं करा. त्याला राग आला तरी चालेल.

सीनियर लोकांनाही एक सांगायचंय. एफवायला आलेल्या मुलांना पीळ मारणं ही आपल्याकडे परंपरा समजली जाते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तो वेगळा विषय. पण ज्याला 'मजा' म्हणतात ती "जेल के पास?" एवढी छोटीही असते. त्या मुलाला मी आज भेटले तर तो नक्की म्हणेल, मी असं म्हटलं होतं? मला आठवत पण नाही. आणि त्याला खरंच आठवत नसणार. त्यापेक्षा आपल्या कोर्सच्या ग्रुपवर फॉर्मच्या तारखा टाका, जुने पेपर द्या. लायब्ररीतल्या काकांनी माझ्यासाठी केलं ते याहून जास्त काही नव्हतं.

सोमवारच्या त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. उत्सव चौक गेल्यावर मी तिला विचारलं, "एफवाय का?" तिनं आधी आयकार्ड आत टाकलं, मग मान हलवली. बीकॉम. तळोजा फेज टू. वर्गात एकही ओळखीचं नाही, अकाउंट्स इंग्रजीत, सर फार फास्ट जातात. मी माझी केटी सांगितली, विषयाच्या नावासकट. ती हसली. मग जरा थांबून, हळू आवाजात विचारलं, "केटी लागली तर घरी लेटर जातं का?"

मी म्हटलं, माझ्या वेळी गेलं नव्हतं, पण तुझ्या कॉलेजचं ऑफिसात विचार. आणि तुमचा समुपदेशक कोण तेही विचारून ये, मला सांग. बेलापूर आलं. तिनं माझा नंबर घेतला.

बुधवारी तिचा मेसेज आला. ऑफिसातल्या सरांनी म्हटलंय, दोन दिवसांनी ये, बघून सांगतो. ती शुक्रवारी परत जाणार आहे, वर्गातल्या दोघींना घेऊन.